मृत्युपत्र करायला बसताना: मालकी, साक्षीदार, नोंदणी आणि गरज असेल तर ट्रस्ट

मृत्युपत्राचा विषय निघाला की पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात. स्टॅम्पपेपर कितीचा लागतो, नोटरी करावी लागते का, आणि नोंदणी सक्तीची आहे का? उत्तरे सोपी आहेत. स्टॅम्पपेपर लागत नाही, नोटरीची गरज नाही आणि नोंदणी ऐच्छिक आहे. साक्षीदारांच्या सह्या नीट झाल्या असतील, तर कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलेले मृत्युपत्रही कायद्याने पूर्ण असते.

कोर्टात मृत्युपत्रे या तीन कारणांनी सहसा पडत नाहीत. ती पडतात साक्षीदारांमुळे. आणि जी पडत नाहीत त्यांतली बरीच अडकून राहतात, कारण लिहिणाऱ्याने जी मिळकत दिली ती पूर्णपणे त्याची नव्हतीच. म्हणून खाली या दोन गोष्टींवर जास्त जागा दिली आहे.

लेख मुख्यतः महाराष्ट्रातल्या हिंदू कुटुंबांसाठी आहे. वारसा कायद्याच्या दृष्टीने बौद्ध, जैन आणि शीखही यातच येतात. इतर धर्मीय, गोवेकर आणि परदेशस्थ वाचकांसाठी वेगळा टप्पा पुढे आहे.

१. मृत्युपत्र नसेल तर काय होईल, ते आधी काढा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात. खरे तर मृत्युपत्राची गरज किती, हे इथेच कळते.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटे मिळतात. आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलेही त्यांच्या जागी येतात. वडील या पहिल्या वर्गात नाहीत, आई आहे. "सगळं बायकोलाच जाणार, त्यात लिहायचं काय" असे म्हणणारे नेमकी आईच विसरतात.

हिशेब करून बघा. घरात पत्नी, दोन मुले आणि आई आहे. नवरा गेला की फ्लॅटचे चार समान वाटे होतात. पुढे आई गेली आणि तिनेही काही लिहून ठेवले नसेल, तर तिचा चौथा हिस्सा तिच्या सगळ्या मुलांकडे जातो, म्हणजे गेलेल्याच्या भावाबहिणींकडेही. आता फ्लॅट विकायचा तर दिराची आणि नणंदांची सही हवी. कोणी वाईट वागलेले नसते, फक्त कागद नसतो.

बाईच्या मिळकतीचा क्रम वेगळा आहे. आधी मुले आणि पती. दोन्ही नसतील तर पतीचे वारस, आणि त्यांच्यानंतर तिचे स्वतःचे आईवडील. मूल नसलेल्या विधवेने नोकरी करून घेतलेले घर तिच्या आईला न मिळता सासरकडे जाते. अपवाद आईवडिलांकडून वारशाने आलेल्या मिळकतीचा. मूल नसेल तर ती वडिलांच्या वारसांकडे परत जाते. कमावत्या, मूल नसलेल्या स्त्रीने मृत्युपत्र पुढे ढकलू नये ते यासाठी.

२. मिळकतीची यादी करा, पण तीन रकान्यांत

वही घ्या आणि प्रत्येक मिळकतीपुढे तीन गोष्टी लिहा: काय आहे, कोणाच्या नावावर आहे, कशी आली. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

स्वतःच्या कमाईची, बक्षीसपत्राने मिळालेली किंवा मृत्युपत्राने आलेली मिळकत तुम्ही हवी त्याला देऊ शकता. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत तुमचा जेवढा हिस्सा, तेवढ्याचेच मृत्युपत्र करता येते. त्यात मुलींचा हिस्सा जन्मापासून आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने तो आला, आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. "वाडा आणि शेत दोन्ही मुलांना, मुलींची लग्नं करून दिली" असे वाक्य वडिलोपार्जित मिळकतीबाबत लिहिलेत, तर मुलींचा स्वतःचा हिस्सा त्याने जात नाही. फार तर तुमच्या वाट्यापुरते ते लागू होईल.

कागद गोळा करायचे ते असे:

- फ्लॅट: नोंदणीकृत करारनामा किंवा खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा), सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट), मालमत्ता कराची पावती
- जमीन: सातबारा, आठ अ, आतापर्यंतचे फेरफार. गावठाणातले किंवा शहरातले घर असेल तर मालमत्ता पत्रक
- बँक, पोस्ट: खाते क्रमांक, मुदत ठेवींच्या पावत्या, लॉकर क्रमांक आणि तो कोणाकोणाच्या नावे आहे ते
- डीमॅट, म्युच्युअल फंड, पीपीएफ, भविष्य निर्वाह निधी, विमा
- दागिने: वजन आणि ओळख पटेल असे वर्णन, शक्य तर फोटो
- कर्जे. तुम्ही दुसऱ्यासाठी जामीन राहिला असाल तर तेही

कर्ज लिहायला लोक लाजतात. पण गेलेल्याची देणी त्याच्या मिळकतीतून आधी भागवली जातात, वाटप त्यानंतर. घर एकाला आणि गृहकर्ज कोणी फेडायचे याचा उल्लेख नाही, हा भांडणाचा हमखास मुहूर्त.

तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, जोडनावाचा फ्लॅट. पत्नीचे नाव करारनाम्यावर असेल तर पूर्ण फ्लॅट तुमचा नाही, तुमच्या हिश्श्यापुरतेच लिहा. दुसरे, सातबाऱ्यावरचे सामाईक क्षेत्र. वाटणी झाली नसेल तर "विहिरीकडचा तुकडा थोरल्याला" असे लिहून भागत नाही, कारण तो तुकडा अजून कायद्याने तुमचा नाही. अशा वेळी "गट क्रमांक अमुकमधील माझा अविभक्त हिस्सा" असे लिहा. तिसरे, शेतजमीन बाहेरच्या, शेतकरी नसलेल्या माणसाला देणे. कूळकायदा अशा हस्तांतराला परवानगीशिवाय मनाई करतो. ही मनाई मृत्युपत्रालाही लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरातच्या प्रकरणात ठरवले. तिथला आणि इथला कायदा मूळ एकाच मुंबई कूळकायद्यातून आलेला आहे. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणारी असेल तर सातबाऱ्यावरचा 'इतर अधिकार' रकाना वाचल्याशिवाय काही लिहू नका.

३. नॉमिनेशन तपासा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

बँक, फंड किंवा सोसायटी नॉमिनीकडे पैसे किंवा हक्क सोपवून मोकळी होते. नॉमिनी ते खऱ्या वारसांसाठी सांभाळतो. विम्याबाबत १९८३ च्या सरबती देवी खटल्यात आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ च्या शक्ती येझदानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात तर सोसायटीच्या नॉमिनीला 'तात्पुरता सभासद' असाच दर्जा आहे.

विम्याच्या कायद्यात २०१५ पासून आईवडील, जोडीदार आणि मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभार्थी मानण्याची तरतूद आहे. तिच्या अर्थावरही कोर्टात वाद झाले आहेत. व्यवहारात एकच करा: नॉमिनी आणि मृत्युपत्रातले नाव एकच ठेवा. दोन वेगळी नावे म्हणजे दोन माणसांच्या हातात दोन कागद देऊन त्यांना समोरासमोर उभे करणे. बँक ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी टक्केवारीसह देता येतात, तेव्हा "एकच नाव घालता येतं" ही जुनी अडचण उरलेली नाही.

४. कोणाला काय, आणि कोणत्या शब्दांत

सगळ्यात जास्त नुकसान करणारे वाक्य मराठी मृत्युपत्रांत घरोघरी सापडते: "माझ्या पश्चात घर पत्नीस द्यावे व तिच्या पश्चात मुलास." यात पत्नी मालक झाली, की तिला फक्त राहण्याचा हक्क मिळाला? वाक्य दोन्हीकडे वाचता येते. पूर्ण मालकी मिळाली असे धरले तर पुढचे "तिच्या पश्चात मुलास" निरर्थक ठरते, कारण एकदा पूर्ण दिलेल्या वस्तूची पुढची वाट तुम्ही ठरवू शकत नाही. शिवाय हिंदू स्त्रीला तिच्या पोटगीच्या हक्कापोटी मिळालेली मर्यादित मालकी कायद्याने पूर्ण मालकी होऊ शकते. १९७७ च्या तुळसम्मा खटल्यापासून या एका मुद्द्यावर निकालांचा ढीग झाला आहे.

म्हणून आधी ठरवा आणि मग स्पष्ट लिहा. पत्नीला मालक करायचे असेल तर: "सदर सदनिका मी माझ्या पत्नीस पूर्ण मालकी हक्काने देत आहे. तिला ती विकण्याचा, गहाण ठेवण्याचा, बक्षीस देण्याचा व तिचे मृत्युपत्र करण्याचा पूर्ण अधिकार राहील." तिथेच थांबा, मुलाचा उल्लेख करू नका. फक्त राहण्याचा हक्क द्यायचा असेल तर: "सदर सदनिकेची मालकी मी मुलास देत आहे. मात्र पत्नीस ती हयात असेपर्यंत तेथे राहण्याचा व भाड्याचे उत्पन्न घेण्याचा हक्क राहील. तिच्या हयातीत मुलास ती सदनिका विकता अथवा गहाण ठेवता येणार नाही." हा दुसरा मसुदा वकिलाकडून तपासून घ्याच. आमचा कल पहिल्याकडे आहे. ज्या बाईने तुमच्याबरोबर चाळीस वर्षे संसार केला, तिला म्हातारपणी मुलाच्या घरात राहण्याच्या परवानगीवर ठेवण्याला तितकेच मोठे कारण हवे.

आणखी चार कलमे विसरू नका.

लाभार्थी तुमच्या आधी गेला तर काय? साधारणपणे ती देणगी रद्द होऊन उरलेल्या मिळकतीत जाते. लाभार्थी तुमचा मुलगा किंवा मुलगी असेल आणि त्यांना मुले असतील, तर ती रद्द होत नाही. भाऊ, सून, पुतण्या यांना हे संरक्षण नाही. प्रत्येकासाठी पर्यायी नाव लिहा.

उरलेली मिळकत: "यात उल्लेख नसलेली, पुढे मिळणारी अथवा नजरचुकीने राहिलेली माझी सर्व स्थावर व जंगम मिळकत अमुक यांस द्यावी." हे एक वाक्य नसेल, तर मृत्युपत्रानंतर घेतलेल्या प्रत्येक ठेवीपुरते तुम्ही मृत्युपत्राविना गेलात असे होते.

एखाद्या वारसाला वगळणार असाल तर नाव घेऊन, एका वाक्यात, शांतपणे कारण लिहा. "धाकट्या मुलास त्याच्या व्यवसायासाठी हयातीत पुरेशी रक्कम दिली असल्याने त्यास काही दिलेले नाही" एवढे पुरे. नावच नसेल तर "वडिलांना भान नव्हतं, ते मला विसरले" असा युक्तिवाद उभा राहतो. दोन पाने राग काढलात तर तुमच्या मनःस्थितीवर बोट ठेवले जाते.

लाभार्थी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा असेल तर त्याची मिळकत कोण सांभाळणार ते लिहा. वडिलांनी मृत्युपत्रात दुसरा पालक नेमला तरी आई हयात असेपर्यंत ती नेमणूक लागू होत नाही.

५. एक्झिक्युटर नेमा

मराठी मसुद्यांत याला व्यवस्थापक किंवा निष्पादक म्हणतात. देणी फेडणे, मिळकत गोळा करणे आणि वाटून देणे हे त्याचे काम. लाभार्थीही एक्झिक्युटर होऊ शकतो, त्यात गैर काही नाही. तुमच्यापेक्षा वयाने लहान, शक्यतो त्याच शहरातला आणि कागदांना न घाबरणारा माणूस निवडा. आधी विचारा, आणि एक पर्यायी नावही द्या. घरातल्या सगळ्यात मोठ्या काकांना मान म्हणून नेमणे ही आपली रीत, पण ते तुमच्या आधी जाण्याची शक्यताच जास्त.

६. कागदावर उतरवणे

जी भाषा तुम्हाला नीट येते तिच्यात लिहा. फक्त मराठी येणाऱ्या आजींचे इंग्रजी मृत्युपत्र म्हणजे समोरच्या वकिलाला आयते हत्यार. इंग्रजीतच करायचे असेल तर "मजकूर मला मराठीतून समजावून सांगितला" हे वाक्य आणि समजावणाऱ्याची सही हवी.

सुरुवात साधी ठेवा: नाव, वय, पत्ता, आणि "हे माझे शेवटचे मृत्युपत्र असून यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे व पुरवण्या मी रद्द करत आहे". नंतर कुटुंबातल्या सगळ्यांची नावे आणि नाती, मग मिळकत, वाटप, एक्झिक्युटर, तारीख, ठिकाण. तारीख नसली म्हणून मृत्युपत्र अवैध होत नाही. पण दोन मृत्युपत्रे निघाली तर शेवटचे कोणते हे ठरवताना तीच लागते.

पानांना "६ पैकी १" असे क्रमांक घाला. शेवटच्या पानावर नुसत्या सह्या येऊ देऊ नका, मजकुराच्या निदान चारपाच ओळी त्या पानावर हव्यात. नाहीतर आधीची पाने बदलल्याचा आरोप सोपा होतो. खाडाखोड करू नका. करावीच लागली तर तिथे तुमची आणि दोन्ही साक्षीदारांची सही हवी. पान पुन्हा छापणे जास्त बरे.

नवरा-बायकोने मिळून एकच संयुक्त मृत्युपत्र करू नये. एक गेल्यावर दुसऱ्याला ते बदलता येते की नाही, यावर वाद होतात. दोघांनी वेगवेगळी करा.

७. सही आणि दोन साक्षीदार

१९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६३ चा गाभा एवढाच: तुम्ही सही किंवा अंगठा करायचा. निदान दोन साक्षीदारांनी तो करताना तुम्हाला पाहायचे, किंवा "ही सही माझी" असे तुमच्या तोंडून ऐकायचे. आणि प्रत्येक साक्षीदाराने तुमच्या समोर सही करायची. दोघे एकाच वेळी हजर असण्याची सक्ती नाही, पण असू द्या. एकाच टेबलाशी, एकाच बैठकीत, आधी तुम्ही आणि मग ते. साक्षीदारांनी मजकूर वाचण्याची गरज नसते.

सहीखाली हे लिहा: "वरील मृत्युपत्रावर अमुक यांनी आमच्या समक्ष सही केली व आम्ही दोघांनी त्यांच्या समक्ष साक्षीदार म्हणून सह्या केल्या." पूर्ण नाव, वय आणि पत्ता घाला.

चूक कुठे होते? मृत्युपत्र तयार होते, घरी सही होते, आणि मुलगा ते घेऊन शेजारच्या काकांकडे आणि ऑफिसातल्या मित्राकडे जाऊन सह्या आणतो. साक्षीदारांनी सही करताना पाहिले नाही आणि त्यांनी तुमच्या समोर सहीही केली नाही. कागद देखणा दिसतो, पण दहा वर्षांनी उलटतपासणीत काका खरे बोलले की संपला. वाद झाला तर हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला कोर्टात यावेच लागते. म्हणून साक्षीदार तुमच्याहून तरुण, निरोगी, सापडण्याजोगा आणि तुम्हाला ओळखणारा हवा. नोंदणी कार्यालयाबाहेर दोनशे रुपयांत सही करणारा यातला कशातच बसत नाही.

लाभार्थीला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नका. ख्रिस्ती आणि पारशी लोकांच्या बाबतीत अशी देणगीच रद्द होते. हिंदूंना ते कलम लागू नाही, पण संशय चिकटतो. संशयास्पद परिस्थिती दूर करण्याचा भार मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच सांगून ठेवले आहे. ज्याला जास्त मिळते त्यानेच वकील गाठणे, मसुदा करून घेणे, गाडीतून नेणे, हे सगळे संशयात मोजले जाते.

वय सत्तरीपुढे असेल किंवा मोठे आजारपण असेल, तर नेहमीच्या डॉक्टरांकडून त्याच दिवसाचे प्रमाणपत्र घ्या. डॉक्टर स्वतः साक्षीदार झाले तर उत्तमच. व्हिडिओ केलात तरी तो पूरक समजा, सह्यांची जागा तो घेत नाही.

८. नोंदणी: करावी, पण तिच्यावर विसंबू नये

दुय्यम निबंधक कार्यालयात तुम्ही आणि दोन्ही साक्षीदारांनी ओळखपत्रे आणि फोटो घेऊन जायचे. मुद्रांक शुल्क नाही. नोंदणी फी १०० रुपये आणि वर पानामागे हाताळणी शुल्क. फोटो आणि अंगठ्याचे ठसे तिथेच घेतात. नोंदणीला मुदत नसते, आज सही केलेले मृत्युपत्र पाच वर्षांनीही नोंदवता येते. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी निबंधकांनी घरी येण्याची सोय कायद्यात आहे, त्यासाठी वेगळा अर्ज आणि फी लागते.

मजकूर गुप्त राहतो. तुमच्या हयातीत तुमच्याशिवाय किंवा तुमच्या मुखत्याराशिवाय कोणाला नक्कल मिळत नाही, नंतर मृत्यूचा दाखला दाखवून मिळते. आणखी गुप्तता हवी असेल तर सीलबंद पाकिटात जिल्हा निबंधकांकडे ठेवता येते.

फायदा असा की कागद हरवत नाही आणि पाने बदलता येत नाहीत. मर्यादा अशी की नोंदणीमुळे मृत्युपत्र आपोआप खरे ठरत नाही, साक्षीदाराची साक्ष तरीही लागते. आणि नोंदवलेले मृत्युपत्र नंतरच्या, न नोंदवलेल्या मृत्युपत्राने रद्द होऊ शकते. "आमच्याकडे रजिस्टर्ड आहे" म्हणून निर्धास्त राहणारे इथे फसतात.

९. ट्रस्ट कधी लागतो

ट्रस्ट म्हणजे मिळकत विश्वासू माणसांकडे (ट्रस्टींकडे) सोपवून तिचा फायदा ठरलेल्या लाभार्थीला देण्याची व्यवस्था. बहुतेक कुटुंबांना ती लागत नाही. दोन फ्लॅट, थोड्या ठेवी आणि सज्ञान, शहाणी मुले असतील तर ट्रस्ट म्हणजे दरवर्षीचा हिशेब आणि सीएची फी. तो लागतो तेव्हा मात्र नुसत्या साध्या मृत्युपत्राने काम होत नाही: स्वतःचे व्यवहार पाहू न शकणारे अपत्य, लहान मुले आणि हयात पालक एकच, व्यसनी वारस, किंवा एखाद्याला रक्कम एकदम न देता वर्षानुवर्षे थोडी थोडी द्यायची असेल तेव्हा.

खासगी ट्रस्टला १८८२ चा भारतीय न्यास कायदा लागू होतो. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवायचे ते सार्वजनिक न्यास वेगळे, त्यांची गल्लत करू नका. दस्तात पाच गोष्टी ठळक हव्यात: ट्रस्ट करण्याचा हेतू, उद्देश, लाभार्थी, मिळकत, आणि ती मिळकत ट्रस्टींकडे सोपवल्याचे कलम. "भाऊ तिची काळजी घेईल असा विश्वास आहे" याने ट्रस्ट होत नाही, ती फक्त इच्छा.

दोन वाटा आहेत. हयातीत ट्रस्ट केलात तर तो लगेच चालू होतो आणि तुम्हाला त्याची घडी बसलेली बघता येते. मात्र स्थावर मिळकत घालायची तर नोंदणी सक्तीची आणि मुद्रांक शुल्कही पडते. दुसरी वाट मृत्युपत्रातूनच ट्रस्ट करण्याची. त्याला मुद्रांक शुल्क नाही, पण तुमच्या पश्चात मृत्युपत्रावर वाद झाला तर ट्रस्टही अडकतो. मधला मार्ग म्हणजे थोड्या रकमेने आज ट्रस्ट सुरू करायचा आणि घर, ठेवी मृत्युपत्राने त्याला द्यायच्या.

ट्रस्टी निदान दोन ठेवा आणि पुढचा ट्रस्टी कसा नेमायचा ते लिहा. ट्रस्टीला ट्रस्टची मिळकत स्वतः विकत घेता येत नाही आणि हिशेब ठेवावाच लागतो. महिन्याला किती खर्च, औषधोपचाराला वेगळे किती, घर विकायचे तर कोणाच्या संमतीने, आणि लाभार्थी गेल्यावर उरलेले कोणाला, हे लिहिले नसेल तर ट्रस्टी अडतात. कोणाला किती द्यायचे हे ट्रस्टींच्या मर्जीवर सोडलेत तर उत्पन्नावर सर्वाधिक दराने कर लागू शकतो. मृत्युपत्राने केलेल्या एकमेव ट्रस्टला काही अटींवर यातून सूट आहे. मसुदा पक्का होण्याआधी सीएला दाखवा, नंतर दाखवून उपयोग नसतो.

अपत्याला स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालकही नेमून घ्या. हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे जातो. अपत्य अठरा वर्षांचे झाले की आईवडीलही आपोआप पालक राहत नाहीत. ट्रस्ट पैसे बघतो, पालक माणसाकडे बघतो. दोन्ही लागतात.

१०. नियम वेगळे असलेले वाचक

मुस्लिम व्यक्तीला अंत्यविधीचा खर्च आणि देणी वजा जाता उरलेल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंतच मृत्युपत्र करता येते. जास्तीला वारसांची संमती लागते. ख्रिस्ती किंवा पारशी व्यक्तीचे आधीचे मृत्युपत्र लग्नाने रद्द होते. लग्नानंतर नवे करा.

गोव्यात साधारण नियमाने निम्मी मिळकत जोडीदाराची असते. उरलेल्या निम्म्यातही मुले असतील तर अर्धीच मिळकत तुमच्या मर्जीने देता येते. तिथे मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर होते. गोवेकराचा फ्लॅट मुंबईत असला तरी त्याला गोव्याचाच वारसा कायदा लागतो, हे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आहे. इथला साधा मसुदा उतरवून घेऊ नका.

परदेशात राहत असाल तर तिथल्या मिळकतीचे तिथे आणि इथल्याचे इथे, अशी दोन मृत्युपत्रे करणे सोयीचे. फक्त एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. तिथल्या छापील मसुद्यात "आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द" असते. ते वाक्य तसेच राहिले तर न्यूजर्सीतली सही पुण्याचे मृत्युपत्र पुसून टाकते. दोन्हींत "फक्त अमुक देशातील मिळकतीपुरते" असे घाला.

११. कुठे ठेवायचे, कधी बदलायचे

फक्त तुमच्या नावाच्या लॉकरमध्ये मूळ प्रत ठेवू नका. तो उघडायला काय कागद लागतील ते कळायच्या आत कागद हाती हवा. एक्झिक्युटरला जागा सांगा, मजकूर सांगायची गरज नाही. लग्न, घटस्फोट, लाभार्थीचा मृत्यू, घर विकणे किंवा घेणे, अशा प्रत्येक वेळी मृत्युपत्र काढून वाचा. छोटा बदल पुरवणी मृत्युपत्राने होतो, पण त्यालाही दोन साक्षीदार आणि सह्यांची तीच पद्धत लागते. दोनपेक्षा जास्त पुरवण्या झाल्या की नवेच करा. जुने नोंदवलेले असेल तर नवेही नोंदवा.

मिळकत आजच द्यायची असेल तर बक्षीसपत्र हा वेगळा मार्ग. राहते घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुले किंवा नातवंडांना देताना महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, म्हणून तो मोह होतो. पण ते परत घेता येत नाही. देणारच असाल तर "माझा सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द दस्तात असू द्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली दस्त रद्द करून घेताना त्याच शब्दांचा आधार असतो.

१२. नंतर घरच्यांनी काय करायचे

ही यादी मृत्युपत्राबरोबरच पाकिटात ठेवा.

मृत्यूच्या दाखल्याच्या दहाबारा प्रती काढा. सोसायटीला मृत्युपत्राची नक्कल, दाखला आणि हस्तांतराचा अर्ज द्या. शेतजमिनीसाठी तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवायचे असते. फेरफार झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली असे नाही, ती महसुली नोंद आहे. कोणी हरकत घेतली तर प्रकरण तक्रार नोंदवहीत जाते, आणि तिथून दिवाणी कोर्टाचा रस्ता सरळ दिसू लागतो.

मुंबईत हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला, सक्तीचे होते. उत्तराधिकार कायद्याचे ते कलम २१३ डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने काढून टाकले. सक्ती गेली, प्रोबेट गेले नाही. वारसांत कुजबुज असेल किंवा बँक अडून बसली असेल, तर आजही ते घेणेच शहाणपणाचे.

वारसा कर भारतात १९८५ पासून नाही, आणि मृत्युपत्राने मिळालेल्या मिळकतीवर मिळताना प्राप्तिकरही लागत नाही. तो येतो विकताना. तेव्हा खरेदीची किंमत आणि तारीख गेलेल्या माणसाची धरतात. म्हणून वडिलांचे पिवळे पडलेले खरेदीखत आणि बिल्डरच्या पावत्या आवराआवरीत रद्दीत घालू नका.